पोलिओनंतरचं दुखणं

लहानपणी पोलिओ होऊन गेला, एक पाय किंवा हात अधू राहिला, पण माणूस त्यातनं उठला, शिकला, कामाला लागला, संसार केला, आणि मग पंधरा, वीस, तीस वर्षांनी त्याच अंगात नव्यानं दुखायला लागलं, ताकद कमी व्हायला लागली, थोडं काम केलं तरी अंग गळून जायला लागलं, तर ह्याला पोलिओनंतरचं दुखणं म्हणतात. डॉक्टर लोक पोस्ट पोलिओ सिंड्रोम म्हणतात. सातारा सांगलीकडं ह्याला नाव घेऊन कुणी बोलत नाही, "आता वय झालं" किंवा "पाय परत धरलाय" एवढ्यावरच विषय संपतो, आणि म्हणूनच ही नोंद जरा सविस्तर लिहितोय.

देशातला पोलिओ संपला असं आपण म्हणतो आणि ते खरंय. पल्स पोलिओची मोहीम १९९५ ला सुरू झाली, देशातली शेवटची वाइल्ड पोलिओची (म्हणजे लसीतनं न आलेल्या, मूळ व्हायरसची) केस १३ जानेवारी २०११ ची, पश्चिम बंगालमधल्या हावड्याची, आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं. पण व्हायरस गेला, माणसं आहेत की. माण, खटाव, जत, आटपाडी, पाटण, कुठल्याही तालुक्यात जा, मोहिमेच्या आधी जन्मलेली, आज चाळिशी ते साठी पार केलेली पोलिओची माणसं भेटतात. कुणी कॅलिपर (पायाला आधार द्यायचा पट्ट्यांचा सांगाडा) लावून शाळेत शिकवतंय, कुणी शिलाई मशीन चालवतंय, कुणी तीनचाकी स्कूटरवरनं बाजारला येतंय. ही सगळी नोंद त्यांची आहे.

जुनी माणसं एक गोष्ट हमखास सांगतात, "ताप आला, डॉक्टरनं सुई टोचली आणि पाय गेला." ह्याला अडाणीपणा म्हणून उडवून लावू नये. पोलिओचा व्हायरस अंगात असताना स्नायूत इंजेक्शन दिलं तर त्याच पायाला लकवा बसायचा धोका वाढतो हे वैद्यकशास्त्रानं मान्य केलेलं आहे. काहींच्या बाबतीत तर पोलिओ नसतोच, कुल्ल्यावर चुकीच्या जागी दिलेल्या सुईनं नस दुखावलेली असते. कित्येक आया आयुष्यभर "मीच नेलं होतं त्याला सुई द्यायला" म्हणून स्वतःला दोष देत राहिल्या, त्यांना हे कुणीतरी वेळेवर समजावून सांगायला पाहिजे होतं.

आता नव्यानं दुखतं का, तर पोलिओचा व्हायरस मणक्यातल्या ज्या पेशी स्नायूंना हलायचा हुकूम देतात त्यांच्यावर हल्ला करतो. बऱ्याच पेशी मरतात. ज्या वाचतात त्या नवे फाटे फोडून शेजारच्या बेवारस झालेल्या स्नायूंच्या तंतूंनापण जोडून घेतात, त्यामुळं तर पोर परत उभं राहतं. आपल्याकडं उसाला पाणी द्यायच्या दिवसांत एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) ठरल्यापेक्षा जास्त मोटारी चालतात ना, अगदी तसं. चालतं वर्षानुवर्षं, पण लोड सगळा त्या थोड्या पेशींवर असतो, आणि पुढं कधीतरी ते फाटे एक एक करून गळायला लागतात. सगळ्यांनाच हे होतं असं नाही, साधारण पोलिओ झालेल्यांपैकी २५ ते ४० टक्के लोकांना होतं असा अंदाज आहे. आणि हो, ह्यात व्हायरस परत जागा झालेला नसतो, घरातल्या नातवंडांना लागण होईल ही भीती अजिबात नको.

दुखणं एका प्रकारचं नसतं. एक असतं स्नायूंचं, दिवसभर राबल्यावर संध्याकाळी मांडीत पिंडरीत ठणकतं, रात्री गोळे येतात, झोप मोडते. दुसरं सांध्यांचं, आणि हे जास्त करून चांगल्या बाजूचं असतं हे लक्षात घ्या, कारण अधू पायाचा सगळा भार चांगल्या पायानं, खांद्यानं, मनगटानं उचललेला असतो. कुबडीवाल्यांचे खांदे जातात, मनगटात नस दाबून बोटांना मुंग्या येतात, गुडघा मागच्या बाजूला वाकत जातो, पाठीचा कणा एका अंगाला कलतो आणि कंबर कायमची धरते. पोलिओत संवेदना शाबूत असते, हे लोकांना माहीत नसतं. "त्या पायात जीव नाही, मग दुखतो कसा" असं बिनधास्त विचारतात. मणक्याला मार बसलेल्यांना बऱ्याचदा खालचं काही कळत नाही, इथं सगळं कळतं, फक्त हलवता येत नाही.

माझी आत्या माण तालुक्यातली. गुडघ्यावर हात देऊन चालायची, मांडीचा स्नायू गेला की गुडघा मुडपतो म्हणून हातानं मांडी दाबून त्याला लॉक करावं लागतं. असं वाकून तिनं चाळीस वर्षं पाणी भरलं, भाकऱ्या थापल्या, खुरपायला गेली. पन्नाशीत खांदा आणि कंबर एवढी दुखायला लागली की केस विंचरायला हात वर जाईना. एका दवाखान्यात सांगितलं, व्यायाम कमी पडतोय, रोज जिने चढा. तिनं मनापासून चढले आणि दोन महिन्यांत होती ती ताकद पण घालवून बसली. त्यात तिची चूक काहीच नव्हती, हा आजार ओळखणारं माणूस भेटलं नाही एवढंच.

थंडीचं वेगळंच. अधू पाय गार पडतो, निळसर होतो, आणि जावळी पाटणच्या पावसात किंवा डिसेंबरच्या पहाटे त्यातली उरलीसुरली ताकद पण निघून जाते. लोकरीचा मोजा, गरम पाण्याची पिशवी, निरगुडीच्या पाल्याचा शेक, ह्यानं बरं वाटतं, करावं. त्या पायाचं हाड पण ठिसूळ झालेलं असतं, ओल्या न्हाणीत घसरून मोडलं की जुळायला वेळ लागतो आणि अंथरुणाला खिळलेल्या त्या दिवसांत बाकीचे स्नायूपण ढिले पडतात. काहींना गिळताना ठसका लागतो, काहींचा झोपेत श्वास अडकतो आणि सकाळी डोकं जड होऊन उठतात, हे दुखण्याइतकं बोललं जात नाही पण जास्त धोक्याचं आहे.

हा आजार पकडायला एक अशी टेस्ट नाही. जुना पोलिओ, मधली बरीच वर्षं स्थिर, आणि मग नवीन अशक्तपणा जो वर्षभर तरी टिकून आहे, असं बघून आणि बाकीची कारणं (थायरॉइड, रक्त कमी, बी १२, शुगर, मणक्यातली गादी सरकलेली) बाजूला काढून डॉक्टर ठरवतात. ह्या भागात मोठं दुखणं म्हटलं की "मिरजेला दाखवा" हे ठरलेलं, १८९४ च्या वॉन्लेस हॉस्पिटलपासून मिरज दवाखान्यांचंच गाव आहे. न्यूरोलॉजिस्टला दाखवताना लहानपणी पोलिओ झाला होता हे आपणहून सांगावं, पाय दिसतोय म्हणजे त्यांनी धरलं असेल असं समजू नये.

बरं करणारी गोळी नाही. दमायच्या आधी थांबायचं, हा उपचारातला सगळ्यात मोठा भाग. व्यायाम करायचा पण हलका, दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखणं किंवा थकवा उरला तर तो जास्त झाला असं धरायचं. जुना जड कॅलिपर बदलून मापाचा हलका घ्यायचा, वजन वाढू द्यायचं नाही, स्वयंपाक उंच स्टुलावर बसून. मेडिकलमधनं रोज पेनकिलर आणून खाणं किडनीला आणि पोटाला महागात पडतं, आणि गावोगावच्या दुखण्यावरच्या पुड्यांत कधीकधी स्टिरॉइड असतं, त्यानं दोन दिवस छान वाटतं आणि हाडं अजून पोकळ होतात. ऑपरेशन कसलंही असो, भूल देणाऱ्या डॉक्टरला पोलिओचं आधी सांगायचंच, कारण अशा पेशंटवर भुलीची आणि स्नायू सैल करायची औषधं जास्त असर करू शकतात.

सगळ्यात अवघड जातं ते मनाला. ह्या पिढीला लहानपणापासून एकच शिकवलं, जिद्द सोडू नको, कुणापुढं हात पसरू नको. सत्कार झाले ते पण त्याच्यासाठीच. ज्या माणसानं काठी टाकून चालायला दहा वर्षं घातली त्याला परत काठी घे, लांब जाताना व्हीलचेअर घे म्हणणं म्हणजे हरलास म्हणण्यासारखं वाटतं त्याला. घरच्यांनाही पटत नाही, "काल तर चालत होतास की" म्हणतात. पण काल चालला म्हणूनच आज पाय उचलत नाही, असंच आहे हे दुखणं.

कागदोपत्री बघायचं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात चलनवलनाचं अपंगत्व येतंच, ४० टक्के किंवा त्याच्या पुढचं सर्टिफिकेट असलं की एसटीला ७५ टक्के सवलत मिळते, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) पण निघतं. पण कित्येकांचं सर्टिफिकेट विशीतलं असतं, तेव्हा एकच पाय अधू होता. आता दुसरा पाय, खांदा, कंबर सगळंच गेलंय, तर सिव्हिलला जाऊन परत तपासणी करून घेता येते, त्यासाठी घरातल्या कुणीतरी अर्धा दिवस काढून सोबत जावं, कारण लाईनमध्ये तासभर उभं राहणं हेच त्या माणसाला जमत नसतं.