रॉकी माउंटन घोडा

अमेरिकेतील केंटकी राज्याच्या पूर्वेकडील ॲपलाचियन डोंगराळ भागात तयार झालेली सवारीच्या घोड्यांची जात. नाव रॉकी पर्वताचे असले तरी जातीची घडण केंटकीतलीच. १८९० च्या सुमारास रॉकी पर्वताकडून एक शिंगरू इथे आले आणि स्थानिक घोड्यांशी त्याचा संकर झाला, असे परंपरा सांगते. लेखी पुरावा नाही. डोंगरउतारावरच्या लहान शेतकऱ्यांना नांगराला, गाडीला आणि खोगिराखाली एकच जनावर चालवावे लागे. या जातीचा स्वभाव त्या गरजेतून आला.

जात टिकली ती मुख्यतः सॅम टटल यांच्यामुळे. केंटकीतील नॅचरल ब्रिज उद्यानात ते पर्यटकांना घोड्यावरून फिरवीत. त्यांचा ‘ओल्ड टोब’ खच्ची न केलेला नर असूनही नवख्या स्वारांना सांभाळून डोंगरवाटांवरून नेई. चौतिसाव्या वर्षापर्यंत त्याची संतती होत राहिली. सदतिसाव्या वर्षी तो मेला. आजच्या बहुतेक घोड्यांच्या वंशावळीत त्याचे नाव सापडते.

१९८६ मध्ये जातीची संघटना स्थापन झाली आणि वंशनोंदवही सुरू झाली. संघटनेने ठरवलेल्या जातीच्या प्रमाणानुसार उंची १४.२ ते १६ हँड (घोड्याची उंची मोजण्याचे एकक; सुमारे १४७ ते १६३ सेंमी.), छाती रुंद, खांद्याचा उतार ४५ अंशांचा. अंगाचा रंग एकसारखा हवा. पायांवर गुडघ्याच्या वर पांढरे डाग चालत नाहीत. मात्र खरी कसोटी चालीची. मागचा उजवा, पुढचा उजवा, मागचा डावा, पुढचा डावा अशी पावले एकेक करून पडतात, चार ठोके वेगळे ऐकू येतात आणि स्वाराला हिसका बसत नाही. ही जन्मजात रवाल चाल. एका बाजूचे दोन्ही पाय एकदम पडू लागले, तर तो दोष. स्वभाव शांत असणे हीदेखील लेखी अट आहे, आणि तीच या प्रमाणातली सर्वांत शहाणी अट म्हणावी लागेल. प्रजननासाठी वापरण्यापूर्वी घोड्याची सवारीखाली तपासणी होते. आईबाप डीएनएने पडताळतात.

चॉकलेटी अंग आणि फिकट रुपेरी आयाळ यांमुळे ही जात प्रसिद्ध झाली. पण हा रंग देणाऱ्या ‘सिल्व्हर’ जनुकाशी डोळ्यांचा जन्मजात विकार जोडलेला आहे. जनुकाची एक प्रत असल्यास बहुधा डोळ्यात गाठी (सिस्ट) होतात, दोन्ही प्रती असल्यास विकृती अधिक गंभीर असते. म्हणून दोन चॉकलेटी घोड्यांची जोडी लावताना जनुकीय चाचणी करून घेणे आवश्यक ठरते.