गडावरची अठरा हातांची आई

रामनवमीच्या सुमारास धुळे-जळगावकडून पायी दिंड्या वणीच्या वाटेला लागतात. सप्तशृंगी ही खानदेशातल्या असंख्य घरांची कुलदेवता. गड नाशिक जिल्ह्यात, कळवण तालुक्यात, पण चैत्रातली यात्रा खऱ्या अर्थाने खानदेशाची.

देवी कड्यातच कोरलेली आहे, सुमारे आठ फूट उंच. मान किंचित कललेली. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी तिचं माहात्म्य गातात आणि ती कान देऊन ऐकते, अशी श्रद्धा आहे. 2022 साली शेंदराचे जुने थर उतरवल्यावर मूळ कोरीवकाम उघड झालं.

आता हात मोजा. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ. मार्कंडेय पुराणातल्या देवीमाहात्म्यात महिषासुरापुढे उभी राहिलेली देवी हजार हातांनी दिशा व्यापते. शंकराचा त्रिशूळ, विष्णूचं चक्र, वरुणाचा शंख, इंद्राचं वज्र, प्रत्येक देवाने आपल्या शस्त्रातून काढून दिलेलं शस्त्र तिच्या हाती आहे. हजार हात दगडात कोरायचे कसे? सप्तशतीसोबत, म्हणजे याच देवीमाहात्म्यासोबत, वाचल्या जाणाऱ्या ‘वैकृतिक रहस्य’ या प्रकरणात उत्तर मिळतं: ती सहस्रभुजा असली तरी पूजावी अष्टादशभुजा, अठरा हातांची. गडावरच्या मूर्तीमागे हीच परंपरा असावी, असं मला मनापासून वाटतं.

पण महिषासुर कुठे आहे? चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून वेरूळला गेलं, तर कैलास लेण्यात तो देवीसमोर लढताना दिसतो, अंग माणसाचं आणि डोक्यावर रेड्याची शिंगं. पोथीतही तो रूपं पालटत राहतो. रेड्याचा सिंह होतो, सिंहाचा माणूस, मग हत्ती, पुन्हा रेडा. शेवटी देवी त्याला पायाखाली दाबते. स्वतःच्याच तोंडातून तो अर्धा बाहेर येतो, तेवढ्यात ती त्याचं शिर उडवते.

ते शिर गडावर देवीच्या पायाशी नाही. ते खाली, पायऱ्या सुरू होतात तिथे, दगडात आहे, आणि लोक त्याचीही पूजा करतात. देवीच्या त्रिशुळाने पडलेलं म्हणून डोंगरातलं एक आरपार भोकही दाखवतात. वेरूळला एका शिल्पात मावलेली लढाई इथे अख्ख्या डोंगरावर पसरली आहे. 2018 पासून ट्रॉलीची सोय झाली, म्हाताऱ्या माणसांचे हाल वाचले, हे फार चांगलं झालं. पाय धड असतील त्यांनी मात्र पायऱ्यांनीच चढावं, आणि आधी महिषासुरापाशी थांबावं.