किल्ली दिली, पण कर्ज तिथंच

हप्ते थकले की कोल्हापुरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "जातो, मॅनेजरच्या टेबलावर किल्ली ठेवतो आणि विषय संपवतो." बँकेच्या कर्ज विभागात काम करताना मी हे किती जणांच्या तोंडून ऐकलं, त्याची मोजदाद नाही. पुढं काय होणार हे माहीत असल्यानं दर वेळी जीव तुटायचा.

जप्ती सगळ्यांना ठाऊक आहे. ९० दिवस थकबाकी राहिली की खातं एनपीए, म्हणजे थकीत ठरतं, मग सरफेसी कायद्याची (कोर्टात न जाता गहाण मालमत्तेतून वसुली करू देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस, मग ताबा, पेपरात जाहिरात, लिलाव. "आमची बँक सहकारी आहे, तिला हा कायदा लागत नाही" असं अजूनही कुणी सांगत असेल तर ऐकू नका. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सहकारी बँकांनाही तो लागू असल्याचा निकाल दिला, आणि त्या खटल्यातली बँक आपल्याच जिल्ह्यातली, मुरगूडची होती. पतसंस्थांची वसुली सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या दाखल्यानं होते, ती वाट वेगळी.

घोळ होतो तो ताबा देणं आणि कर्ज मिटणं या दोन गोष्टींत. आपण होऊन ताबा दिला की कर्ज मिटलं, असं लोक धरून चालतात.

"घर बँकेला परत दिलं" हा शब्दप्रयोग मला मुळातच खटकतो. परत द्यायला ते बँकेचं होतं कधी? खरेदीखत तुमच्या नावे, घरफाळ्याची पावती तुमच्या नावे. बँकेकडे होतं ते फक्त गहाण. किल्ली दिल्यावरही मालक तुम्हीच राहता आणि कर्जदारही तुम्हीच. बदलतं ते एवढंच की घर आता बँकेच्या कुलपात असतं. व्याज मात्र लिलावाचे पैसे खात्यात जमा होईपर्यंत चढतच राहतं.

हा समज बहुधा गुजरीतून, म्हणजे आपल्या सराफ बाजारातून आला असावा. दागिना गहाण ठेवला, सोडवायला जमलं नाही, सोडून दिला. पुन्हा कुणी मागं लागलं नाही. पण तिथं कर्ज दागिन्याच्या किमतीपेक्षा कमी असतं, म्हणून कुणी मागं लागत नाही. घराचं गणित तसं असेलच असं नाही. समजा येणं ३२ लाख आहे आणि लिलावात घर २५ लाखांना गेलं. वरचे ७ लाख आणि जप्ती-लिलावाचा खर्च तुमच्या डोक्यावर तसाच राहतो. सरफेसीच्या कलम १३(१०) प्रमाणे ती बाकी वसूल करायला बँक कर्जवसुली न्यायाधिकरणात किंवा दिवाणी न्यायालयात जाऊ शकते. उलट घर जास्त किमतीला गेलं, तर देणं आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम तुमची असते. ती मागून घ्या.

आणि जामीनदार? ज्या मेहुण्यानं किंवा तालमीतल्या मित्रानं शब्दाखातर सही केली, त्याची जबाबदारी कायद्यानं तुमच्याइतकीच आहे. तुम्ही किल्ली देऊन मोकळे झालात असं समजता आणि बाकीच्या रकमेची नोटीस त्याच्या दारात जाते. माणसं यानं तुटलेली मी पाहिली आहेत.

अमेरिकेत घराचं खतच बँकेच्या नावे करून देऊन जप्ती टाळायची रीत आहे, ती व्हिडिओत पाहून काही जण येतात. तिथंही बँकेनं ते स्वीकारलंच पाहिजे असं नाही, आणि उरलेली रक्कम सोडल्याचं लेखी नसेल तर तीही मागितली जाऊ शकते. आपल्याकडे घरकर्जाला ही रुळलेली वाट नाही.



माझं मत विचाराल तर घर जाणारच असेल तर ते स्वतः विका. लिलावातल्या घराला गिऱ्हाईक बिचकतं, भाव पडतो. फुलेवाडीचा फ्लॅट ओळखीपाळखीतून विकला तर सहसा चार पैसे जास्तच मिळतात. मात्र ६० दिवसांची नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय विकता येत नाही, म्हणून आधीच जा. बँकेचं येणं किती याचा आकडा लेखी घ्या आणि घेणाऱ्याचे पैसे थेट कर्जखात्यात भरायला लावा. पूर्ण रक्कम भरून घर सोडवायचं असेल, तर २०१६ च्या दुरुस्तीनंतर ती मुदत लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे.

विकूनही पुरत नसेल तर एकरकमी तडजोड मागा, म्हणजे ठरलेली कमी रक्कम एकदम भरून खातं मिटवणं. तोंडी "बघू, करून टाकू" याला काडीची किंमत नाही. साहेबांची बदली झाली की ते शब्दही गेले. पत्रात तडजोडीची रक्कम हवी, भरण्याची तारीख हवी, आणि उरलेल्या रकमेसाठी कर्जदार व जामीनदार दोघांवरचाही हक्क बँक सोडते, हे वाक्य हवं. ते पत्र हातात पडेपर्यंत किल्ली देऊ नका. पैसे भरल्यावर बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं उरलं नाही असं पत्र घ्या, आणि घर तुमच्याकडेच राहिलं असेल तर सिटी सर्व्हेला जाऊन मालमत्ता पत्रकावरचा बोजा कमी करून घ्या.