पांढरा धूर की कोरडा सायलेन्सर? थंडीत डिझेल ट्रक न पकडण्याची दोन कारणं

कडाक्याच्या थंडीत सेल्फ मारला, इंजिन फिरतंय, पण पकडत नाही. लगेच निदान होतं, ‘डिझेल गोठलं’. कधी ते खरं असतं. पण पुष्कळदा डिझेल नीट येत असतं, सिलिंडर तापवणारे हीटर प्लगच गार पडलेले असतात. सीटवर बसून दोन्ही बिघाड सारखेच वाटतात, इलाज मात्र पूर्ण वेगळे. म्हणून पाना हातात घेण्याआधी कुणाला तरी सायलेन्सरकडे बघायला सांगा.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबली गेलेली हवा तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. थंड सिलिंडर ही उष्णता ओढून घेतो, म्हणून प्लगचं टोक 800 अंशांच्या वर तापवावं लागतं. प्लग गेला की डिझेल फवारलं जातं पण जळत नाही, आणि पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येतो. हा धूर म्हणजे डिझेल पोचतंय याची खूण. तेव्हा फिल्टर खोलत बसू नका. एकदोनच प्लग गेले असतील तर इंजिन उशिरा पकडतं, थरथरतं आणि गरम होताच सुधारतं. डॅशबोर्डवरचा प्लगचा दिवा विझला म्हणून प्लग तापले असं समजू नका; बऱ्याच गाड्यांत तो केवळ ठरलेल्या वेळेवर विझतो. वायर काढून मल्टिमीटर लावा. चांगल्या प्लगचा रोध अगदी कमी, साधारण एकदोन ओहम, तुटलेल्याचा अनंत. मोठ्या ट्रकांत प्लगऐवजी हवा तापवणारा हीटर असतो, तिथे तो तपासायचा.

डिझेल गोठण्याची गोष्ट वेगळी. ‘गोठणं’ हा शब्दच फसवा आहे, कारण टाकीतलं डिझेल तेव्हा बहुधा पातळच असतं. त्यातलं मेण थंडीत कणांच्या रूपात वेगळं होतं, डिझेल गढूळ दिसतं आणि ते कण फिल्टरची जाळी बुजवतात. मग सायलेन्सरमधून धूर जवळपास येतच नाही.

सगळ्यात जास्त चकवा इथेच बसतो. फिल्टरच्या पुढे उरलेल्या डिझेलवर इंजिन सुरू होतं, आयडलवर, म्हणजे पेडल न दाबता, चालतं आणि एक्सलरेटर दाबला की पिकअप न घेता बंद पडतं. लोक पेडलच्या सेन्सरवर संशय घेतात. सेन्सर बिघडला असेल तर सहसा आरपीएम आयडलवरच अडकतो आणि इंजिनाचा दिवा लागतो. मेण असेल तर आरपीएम जरा चढतो, मग ढासळतो.

इलाज म्हणजे फिल्टर आणि लाइन गरम करणं: उबदार जागा, गरम पाण्याची फडकी. ज्योत कधीही नको. थंडीचं ॲडिटिव्ह, म्हणजे डिझेलमध्ये मिसळायचं रसायन, मेण धरण्याआधीच टाकायचं असतं, नंतर त्याचा फारसा उपयोग नाही. आणि प्लग किंवा हवेचा हीटर असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे, म्हणजे ईथरचा फवारा, मारू नका. तापलेल्या टोकावर ईथरचा भडका उडून पिस्टन फुटू शकतो.

सेल्फ मुळात जड फिरत असेल तर आधी बॅटरी बघा, बाकी सगळं नंतर. फिल्टर बदललात तर हँड पंप घट्ट होईपर्यंत मारून हवा काढा. लाइनमध्ये हवा राहिली की पुन्हा तेच होतं: इंजिन फिरतं, धूर नाही, आणि तुम्ही परत मेणालाच दोष देता.