कडक कायदा वेगळा, पक्का कायदा वेगळा

पेपरात एखादी भयंकर बातमी आली की सोलापुरातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर एकच वाक्य ऐकू येतं : "कायदाच कडक नाही हो आपल्याकडं. दोघातिघांना भर चौकात फासावर द्या, सगळे सरळ होतील." वर्षानुवर्षं हे ऐकतोय आणि दरवेळी घोटाळा तोच. शिक्षा किती मोठी, हा झाला कडकपणा. ती होणारच याची खात्री किती, याला मी पक्केपणा म्हणतो. लोक मागतात कडकपणा आणि त्यांना हवा असतो पक्केपणा.

कडकपणा काय असतो हे कुणाला समजावायला नको. दंड वाढवा, कैदेची वर्षं वाढवा, झालं काम.

पक्केपणा बघायचा तर लक्ष्मी मंडईत चला. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली. पहिल्यांदा सापडलात तर ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिने कैद. परवा मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. पिशवी घरी विसरलो होतो. मावशींनी गोणपाटाखाली हात घातला आणि शेजारणीला विचारलं, "आज गाडी आलती का गं?"

"न्हाई की."

लगेच पातळ काळी पिशवी बाहेर आली आणि मेथी आत गेली. ५ हजारांचा विचार मावशींच्या मनात आलाच नाही. त्यांनी हिशेब केला तो दंड करायला येणाऱ्या महापालिकेच्या गाडीचा.

आता कुणीतरी म्हणेल, मग दंड ५० हजार करा. खरी गफलत इथं आहे, म्हणून इथं जरा थांबतो. कडकपणा वाढवला की पक्केपणा आपोआप येतो असं आपण धरून चालतो. बऱ्याचदा होतं उलटं. दिवस मावळेपर्यंत जिच्या पदरात चार-पाचशे रुपये पडतात, तिच्या नावानं ५ हजारांची पावती फाडायला कुठल्याही माणसाचा हात धजत नाही. तो दम देतो, पिशव्या उचलतो आणि पुढं जातो. ज्याचा हात धजतो, त्याच्यासमोर तडजोडीचा मोह उभा राहतो, कारण दंड जेवढा मोठा तेवढी पावती टाळायची किंमत मोठी. दोन्हीकडून पावती फाटायची राहतेच. ५० हजार केलेत तर आज फाटतात त्यातल्याही निम्म्या बंद होतील असं मला वाटतं.

हे आजचं नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात दोनशेहून जास्त गुन्ह्यांना फाशी होती. राहत्या घरातून ४० शिलिंगांचा ऐवज चोरला तरी फास. ज्यूरीत बसलेल्या माणसांना ते सोसवेना. मग माल उघड उघड महाग दिसत असला तरी ते त्याची किंमत ३९ शिलिंग ठरवायचे आणि आरोपीचा जीव वाचवायचे. कायदा इतका कडक झाला, की ज्यांनी तो लावायचा तेच त्याला बगल देऊ लागले. इटलीतला विचारवंत चेझारे बेक्कारिया १७६४ सालीच सांगून गेला होता, की गुन्ह्याला आळा घालते ती शिक्षेची खात्री, तिचं क्रौर्य नव्हे.

म्हणून मला विचाराल तर १०० रुपयांचा दंड ठेवा, पण गाडी रोज येऊ द्या आणि पावती प्रत्येकाची फाडा, गिऱ्हाईकाचीसुद्धा. माझीही.

दुबईचा दाखला देणाऱ्यांनाही हेच सांगणं. तिकडं जाऊन आलेला पाहुणा शिस्तीचं कौतुक करतो आणि श्रेय देतो कडक शिक्षेला. तिथं रस्त्यावरचं रडार वेग टिपतं, दंड गाडीच्या नावावर चढतो आणि तो भरल्याशिवाय गाडीची नोंदणी पुढं सरकत नाही. यात ओळख चालत नाही, 'साहेब, जाऊ द्या की' चालत नाही. पाहुण्यानं पाहिलेला तो पक्केपणा.

मात्र पक्का कायदा म्हणजे चांगला कायदा, असंही कुणी समजू नये. सोलापूरकरांनी तर नाहीच. मे १९३० मध्ये इंग्रजांनी या शहरावर लष्करी कायदा लादला. कडकही आणि पक्काही. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. त्या चौघांच्या पुतळ्यांना हार घालायचा आणि चौकातून खाली उतरताच 'लष्कराच्या ताब्यात द्या सगळं' म्हणायचं, हे ऐकलं की माझा जीव जळतो. कायदा कुणी केला आणि कुणासाठी केला, हे आधी विचारायला हवं. कडक की पक्का, ते त्यानंतर.

मंडईपुरतं माझं मागणं छोटं आहे. दंडाची रक्कम लिहिलेली पाटी लावणार असाल तर तिच्याखाली खडूनं आणखी एक आकडा लिहा : गेल्या महिन्यात किती पावत्या फाटल्या.