प्रोटियस सिंड्रोम: रक्तात न सापडणारा दोष

प्रोटियस सिंड्रोम असलेलं मूल जन्मतः बहुधा इतर बाळांसारखंच दिसतं. सहा ते अठरा महिन्यांच्या सुमारास एखादं बोट, एक पाय किंवा कवटीचा एखादा भाग बाकीच्या शरीराला न जुमानता वाढू लागतो. पुढे तळपायाची कातडी जाड होते आणि तिच्यावर मेंदूच्या पृष्ठभागावर असतात तशा खोल घड्या पडतात. या आजाराची ही सगळ्यांत खात्रीची खूण. दहा लाखांत एकालाही क्वचितच होणारा हा आजार मायकेल कोहेन आणि पॅट्रिशिया हेडन यांनी १९७९ साली वेगळा ओळखला. १९८३ मध्ये जर्मन बालरोगतज्ज्ञ हान्स-रुडॉल्फ वीडेमान यांनी त्याला रूपं पालटणाऱ्या ग्रीक देवाचं नाव दिलं. कारण हाती लागायला मात्र २०११ उजाडलं.

दोषी जनुक शोधण्याची जुनी रुळलेली वाट म्हणजे एकाच घराण्यातल्या आजारी आणि निरोगी माणसांचा डीएनए ताडून पाहणं. इथे ती पहिल्याच पावलाला अडली, कारण आजार आईवडिलांकडून मुलांकडे जात नव्हता. एकाच बीजांडातून झालेल्या जुळ्यांमध्येही एकालाच तो असायचा. त्वचारोगतज्ज्ञ रुडॉल्फ हॅपल यांनी १९८७ साली याचा उलगडा मांडला: दोष इतका घातक आहे की तो सगळ्या पेशींत असता तर गर्भ टिकलाच नसता. गर्भधारणेनंतर तो एका पेशीत उपजतो, तिच्यापासून झालेल्या पेशींतच राहतो आणि शेजारच्या निरोगी पेशींमुळे तगून जातो. अशा सरमिसळीला मोझेइसिझम म्हणतात. तर्क चोख होता, पण तो पडताळायचं साधन तेव्हा नव्हतं.

मधल्या काळात निदानाचाही गोंधळ होता. अंगाचा कुठलाही भाग बेढब वाढला की प्रोटियसचा शिक्का बसायचा. म्हणून १९९९ मध्ये निकष छापले गेले: विखुरलेली लक्षणं, कुटुंबात दुसरा रुग्ण नसणं आणि वाढ चालूच राहणं या तीन गोष्टी हव्यातच, शिवाय ठरावीक खुणा. हे काम रुक्ष वाटतं, पण ते झालं नसतं तर पुढचा शोध भलत्याच रुग्णांवर झाला असता. २००१ मध्ये पीटेन जनुकाकडे बोट दाखवलं गेलं, तेव्हा आक्षेप नेमका हाच होता की ते रुग्ण निकषांत बसत नाहीत. गंमत म्हणजे पेशीला वाढीचे निरोप पोचवणाऱ्या ज्या संदेशसाखळीला पीटेन लगाम घालतं, तिच्यातच खरा गुन्हेगार निघाला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानवी जीनोम संशोधन संस्थेत लेस्ली बीसेकर आणि मार्जोरी लिंडहर्स्ट यांच्या गटाने दोन माणसांऐवजी एकाच माणसाच्या दोन ऊती ताडल्या: वाढलेल्या भागाची बायॉप्सी आणि न वाढलेल्या भागाची. दोन्हींचं एक्झोम सिक्वेन्सिंग (प्रथिनांचे आराखडे असलेल्या डीएनएचं वाचन) करून फरक शोधला, तेव्हा एकेटीवन जनुकातलं डीएनएचं एकच अक्षर बदललेलं दिसलं. ४९व्या जागी जी ऐवजी ए. त्यामुळे प्रथिनात १७व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन येतं. एरवी या जनुकापासून बनणाऱ्या एकेटी प्रथिनाला पेशीच्या पडद्याकडे बोलावणं यावं लागतं. बदललेलं प्रथिन न बोलावता तिथे जाऊन बसतं आणि 'वाढ, मरू नकोस' हा निरोप चालूच राहतो. हाच बदल २००७ मध्ये काही कर्करोगांच्या गाठींत सापडला होता. २९पैकी २६ रुग्णांत तो मिळाला; ऊतीगणिक त्याचं प्रमाण १ टक्क्यापासून सुमारे ५० टक्क्यांपर्यंत होतं.

हे आकडे चाचणी मागवणाऱ्याने ध्यानात ठेवावेत. बहुतेक रुग्णांच्या रक्तात हा बदल सापडतच नाही, त्यामुळे रक्ताचा 'निगेटिव्ह' अहवाल निदान खोडत नाही. ऊतीतही समजा बदललेल्या प्रती ५ टक्के आहेत (प्रत्येक पेशीतल्या दोनपैकी एकच प्रत बदलते, म्हणजे दोषी पेशी १० टक्के). एखादी जागा ४० वेळा वाचली तर सरासरी दोनच रीडमध्ये (रीड म्हणजे त्या जागेचं एक वाचन) बदल दिसेल. जन्मजात दोषासाठी निम्म्या रीडची अपेक्षा धरणारं सॉफ्टवेअर ते दोन रीड यंत्राची चूक समजून गाळतं. तीच जागा हजार वेळा वाचली तर पन्नास रीड मिळतात. ते नजरेआड करणं अवघड. दुसरा खड्डा फॉर्मलिनचा, म्हणजे नमुने टिकवायच्या रसायनाचा. फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या नमुन्यात सी चं टी आणि पर्यायाने जी चं ए झालेलं दिसू शकतं, आणि इथला खरा बदलही नेमका जी चा ए च आहे. म्हणून वाढलेल्या भागातला ताजा किंवा गोठवलेला तुकडा घ्यावा, शक्य तर दोन जागांचा.

पुढच्याच वर्षी याच पद्धतीने क्लोव्हज सिंड्रोम या अवयव बेढब वाढण्याच्याच दुसऱ्या आजारामागे पीआयके३सीए जनुक असल्याचं कळलं. प्रोटियससाठी कर्करोगाकरता बनवलेलं मिरॅनसर्टिब हे एकेटी रोखणारं औषध अगदी कमी मात्रेत, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे रोज ५ मिलिग्रॅम, देऊन पाहण्यात आलं. मात्रा पुरेशी आहे का, हे ठरवायला पुन्हा रुग्णांच्या बाधित ऊतीचीच बायॉप्सी घेऊन तिच्यातलं सक्रिय एकेटी किती उतरलं, ते मोजलं गेलं.