केल्टविद्या

केल्टिक भाषा, त्या भाषांतील वाङ्मय आणि त्या बोलणाऱ्या समाजांचा इतिहास यांच्या विद्यापीठीय अभ्यासाला केल्टविद्या म्हणतात. भारतविद्येच्या नावात जसा एक देश आहे तसा या नावात नाही, कारण केल्टांचा असा एकच देश कधी नव्हता. या विषयाला एकत्र बांधणारा धागा भाषेचा आहे. आयरिश, स्कॉटिश गेलिक आणि मँक्स या तीन भाषांचा एक गट, वेल्श, ब्रेटन आणि कॉर्निश यांचा दुसरा. यांखेरीज प्राचीन फ्रान्समधील गॉलिश, स्पेनमधील केल्टिबेरियन आणि उत्तर इटलीतील लेपोंटिक या भाषा मुख्यतः कोरीव लेखांतूनच ज्ञात आहेत. दोन जिवंत गटांतील फरक अंकांतही दिसतो. ‘चार’ला आयरिशमध्ये ‘केहर’, तर वेल्शमध्ये ‘पेद्वार’ म्हणतात. एकीकडे क, तर दुसरीकडे प. संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि केल्टिक भाषा ज्या इंडो-युरोपीय कुटुंबातल्या, त्याचा मूळ ‘प’ मात्र दोन्ही गटांनी गमावला, म्हणून संस्कृत ‘पितृ’शी नाते असलेला जुना आयरिश शब्द ‘अथिर’ असा प-वाचून उरला.

ग्रीक आणि रोमन लेखक ‘केल्ट’ हे नाव युरोपच्या मुख्य भूमीवरील लोकांना देत. ब्रिटन आणि आयर्लंडच्या रहिवाशांना ते सहसा लावत नसत. बेटांवरील भाषांना हे नाव चिकटले ते बऱ्याच उशिरा, आणि त्यात ऑक्सफर्डच्या ॲश्मोलियन संग्रहालयाचा प्रमुख एडवर्ड लॉइड (१६६०–१७०९) याचा वाटा मोठा. वेल्स, आयर्लंड, स्कॉटलंड, कॉर्नवॉल आणि ब्रिटनी येथे चार वर्षे हिंडून त्याने शब्द, हस्तलिखिते आणि बोलींचे नमुने गोळा केले. १७०७मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या भाषा एकमेकींशेजारी ठेवून त्याने त्यांचे नाते दाखवले. आज ‘केल्टिक लोक’ हा शब्दप्रयोग सहज केला जातो, पण त्यामागे भाषाशास्त्रज्ञांनी जुळवलेले कूळ आहे, हे विसरून चालत नाही.

पुढचा धागा कलकत्त्यातून जातो. सर विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे उगमस्थान एक असल्याचे सांगितले आणि केल्टिकचाही त्यात समावेश असावा, असे काहीसे जपून सुचवले. जोन्स यांचे वडील वेल्समधील अँगलसी बेटावरचे होते. तरीही केल्टिक भाषांना त्या कुटुंबात पक्के स्थान मिळायला आणखी अर्धशतक लागले. अडचण शब्दारंभीच्या वर्णविकाराची होती. आयरिशमध्ये ‘कत’ म्हणजे मांजर. ‘त्याचे मांजर’ म्हणायचे तर ‘अ खत’ (यातील ख घशातून घासत येतो), ‘तिचे मांजर’ ‘अ कत’ आणि ‘त्यांचे मांजर’ ‘अ गत’. सर्वनाम तिन्ही ठिकाणी ‘अ’च आहे, बदलते ते पुढच्या शब्दाचे पहिले अक्षर. शब्दाच्या शेवटी विभक्ती लावणाऱ्या भाषांच्या पंगतीत हे कुठे बसवायचे?

जर्मन भाषाशास्त्रज्ञ फ्रांत्स बोप याने १८३८मध्ये बर्लिन अकादमीपुढे वाचलेल्या निबंधात या कोड्याची उकल केली. हे विकार म्हणजे आता लोप पावलेल्या अंत्य ध्वनींनी पुढच्या शब्दावर उमटवलेले ठसे आहेत, असे त्याने दाखवले. संस्कृत जाणणाऱ्याला हे चटकन उमगते. ‘त्याचे’ म्हणजे ‘अस्य’, शेवटी स्वर. ‘तिचे’ म्हणजे ‘अस्याः’, शेवटी विसर्ग, म्हणजे मूळचा स. ‘त्यांचे’ म्हणजे ‘एषाम्’, शेवटी अनुनासिक. आयरिशमध्ये ही तिन्ही रूपे झिजून ‘अ’ झाली, पण स्वरानंतर येणारा क घासला गेला, स-नंतरचा तसाच राहिला आणि अनुनासिकानंतरचा ग झाला. संधी करणारा वर्ण गेला आणि संधी मात्र उरली, असेच याचे वर्णन करावे लागेल.

या अभ्यासाला शास्त्राची शिस्त आणली ती बव्हेरियातील योहान कास्पार त्सॉइस (१८०६–१८५६) याने. त्याचे लॅटिनमध्ये लिहिलेले ‘ग्रामातिका केल्टिका’ १८५३मध्ये लाइपझिग येथे प्रसिद्ध झाले. जुन्या आयरिशची आठव्या-नवव्या शतकांतील अस्सल साधने आयर्लंडमध्ये फारच थोडी उरली आहेत. ती सापडतात वुर्ट्सबुर्ग, मिलान आणि स्वित्झर्लंडमधील सेंट गॉल येथील ग्रंथसंग्रहांत. युरोपात गेलेल्या आयरिश भिक्षूंच्या लॅटिन पोथ्यांत ओळींमधल्या जागेत आणि समासात आयरिश टिपा लिहिलेल्या आहेत आणि त्सॉइसचे व्याकरण त्या टिपांवर उभे आहे. सेंट गॉलच्या नवव्या शतकातील पोथीत प्रिस्कियनचे लॅटिन व्याकरण आहे आणि तीन हजारांहून अधिक आयरिश टिपा आहेत. व्याकरणाच्या टिपांमध्येच लेखनिकाची कुरकुरही आहे: चर्मपत्र नवे, शाई वाईट, याहून अधिक काही बोलत नाही. दुसऱ्या एका पानाच्या समासात चार ओळींची कविता आहे. आज रात्री वारा बोचरा आहे, समुद्राचे पांढरे केस उधळतो आहे, म्हणून नॉर्स लुटारूंचे भय नाही, असा तिचा आशय.

यानंतरची पिढी बव्हंशी संस्कृतज्ञांची होती. एर्न्स्ट विंडिश आणि हाइन्रिख त्सिमर हे जर्मन पंडित संस्कृत आणि आयरिश दोन्हींत पारंगत होते. १९०१मध्ये बर्लिन विद्यापीठातील केल्टिकच्या अध्यासनावर नेमला गेलेला त्सिमर त्याआधी वैदिक जीवनावरील ग्रंथासाठी ओळखला जात होता. भारतीय वाचकाला विशेष जवळचा वाटेल तो व्हिटली स्टोक्स (१८३०–१९०९). डब्लिनचा हा कायदेपंडित १८७७ ते १८८२ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा विधी सदस्य होता आणि १८८२चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम त्याच्याच कारकिर्दीत संमत झाला. कायद्यांचे मसुदे करतानाच तो मध्ययुगीन आयरिश संहिता संपादित करीत होता आणि त्यांतील काही त्याने कलकत्त्यातच छापून घेतल्या. पुढे जॉन स्ट्रॅचनसह त्याने जुन्या आयरिश टिपांचा जो संग्रह १९०१ ते १९०३ दरम्यान प्रसिद्ध केला, त्यावाचून आजही कोणाचे चालत नाही.

आयरिश कायद्याचे ग्रंथ हे या विषयाचे आणखी एक समृद्ध दालन आहे. त्यांत ‘त्रोस्कद’ नावाची प्रथा आढळते. उच्च दर्जाच्या ऋणकोकडून येणे वसूल करायचे असेल तर धनकोने त्याच्या दारात उपाशी बसायचे आणि त्याची दखल न घेणाऱ्या ऋणकोची कायद्यातील पत जायची. स्टोक्सच्या आधी विधी सदस्य राहिलेल्या हेन्री मेन यांनी १८७५च्या आपल्या व्याख्यानसंग्रहात या प्रथेची तुलना आपल्याकडील धरण्याशी केली. साम्य विलक्षण आहे यात शंका नाही. मात्र दोन्ही प्रथा एकाच इंडो-युरोपीय मुळाच्या, की जिथे बलवानाविरुद्ध दुसरा उपाय नसतो तिथे त्या स्वतंत्रपणे उपजतात, हे नुसत्या साम्यावरून ठरत नाही.

वाङ्मयाच्या अभ्यासात वाद अधिक आहेत. अठराव्या शतकात जेम्स मॅकफर्सनने प्राचीन कवी ऑसियनच्या नावावर खपवलेल्या काव्यांनी युरोपला भुरळ घातली. वेल्समध्ये ‘योलो मोर्गान्वग’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एडवर्ड विल्यम्सने चौदाव्या शतकातील कवी दावीद अप ग्विलिमच्या नावावर स्वतःच्या कविता इतक्या बेमालूम घुसडल्या की त्यांचा छडा लागायला १९२६ साल उजाडले. दुसरा वाद अस्सल संहितांबद्दलचा आहे. उत्तर आयर्लंडमधील अल्स्टर प्रांताच्या वीरकथांचे सर्वांत जुने उपलब्ध हस्तलिखित इ. स. ११०० च्या सुमाराचे आहे. केनेथ जॅक्सन यांनी १९६४मध्ये या कथांना लोहयुगाकडे उघडणारी खिडकी म्हटले. उलट जेम्स कार्नी आणि नंतर किम मॅकोन यांनी त्या लिहिणाऱ्या मठवासी विद्वानांच्या लॅटिन आणि बायबलच्या व्यासंगावर बोट ठेवले. दुसऱ्या पक्षाचे पारडे आज जड आहे. या कथांवरून ख्रिस्तपूर्व समाजाचे चित्र रंगवण्याचा मोह सामान्य लेखनात मात्र अजून सुटलेला नाही.

संस्थात्मक पाया एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घातला गेला. १८७०मध्ये पॅरिसहून ‘रव्ह्यू सेल्तीक’ हे नियतकालिक निघू लागले, १८७७मध्ये ऑक्सफर्डला जॉन रीस केल्टिकचे पहिले प्राध्यापक झाले आणि १८८२मध्ये एडिंबरोत अध्यासन निर्माण झाले. डब्लिनची उच्च अध्ययन संस्था १९४०ची. सुरुवातीला तिचे दोनच विभाग होते, एक सैद्धांतिक भौतिकीचा आणि दुसरा केल्टिक अध्ययनाचा.

या विषयाची साधने अजूनही वाढत आहेत. स्पेनमधील बोतोरीता येथे १९७०मध्ये आणि फ्रान्समधील लार्झाक येथे १९८३मध्ये सापडलेल्या धातूच्या लेखपट्टांनी केल्टिबेरियन आणि गॉलिशच्या व्याकरणात मोलाची भर घातली. जिवंत बोलींच्या ध्वनिमुद्रणाचे कामही याच विद्येत मोडते. १९४८मध्ये आयरिश लोकसाहित्य आयोगाने आइल ऑफ मॅनवर माणूस पाठवून मँक्स बोलणाऱ्या मोजक्या वृद्धांचे आवाज तबकड्यांवर टिपून घेतले. मँक्स मातृभाषा म्हणून बोलणाऱ्यांपैकी शेवटचा मानला जाणारा नेड मॅड्रेल १९७४मध्ये वारला. ती भाषा नव्याने शिकणारे आज आपले उच्चार त्या ध्वनिमुद्रणांवरून घासूनपुसून घेतात.